फ्लॉयड नऊ वेळा मरतो

...आणि तीन तास. तुम्हाला सांगते, तीन तास, तेही शनिवारची अख्खी दुपार, ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या एका शाळेच्या जिममध्ये, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, एसी बंद, डोक्यावर बास्केटबॉलची फाटकी जाळी, आणि समोर काय, तर काळे घागरे घातलेली मोठी मोठी माणसं लाकडी तलवारी धरून एकमेकांकडे नुसती बघतायत. बघतायत म्हणजे बघतायतच. मारा की बाबांनो एकदा. छे. आधी समोरच्या भिंतीला नमस्कार, मग तलवारीला, मग एकमेकांना, मग चार पावलं पुढे, मग कोणीतरी एकदम बेंबीच्या देठापासून ओरडणार, आपल्या छातीत धडधडणार, तलवार सपकन खाली येणार... आणि मानेच्या बोटभर अलीकडे थांबणार. की पुन्हा मागे, पुन्हा नमस्कार. लागत कोणालाच नाही.

हे माझं मत नाही हं, जोसेफिनचं आहे. जोसेफिन लोपीस, आमची मैत्रीण, मूळची वसईची, इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिचा नवरा फ्लॉयड सहा वर्षं हे शिकतोय. जपानमधली तलवारबाजीची जुनी घराणी असतात, आपल्याकडे गाण्याची असतात तशी, कोणाचं चारशे वर्षांचं, कोणाचं पाचशे, आणि त्यातलं एक घराणं कसं कोण जाणे टूवूंबात येऊन पोचलंय. गुरुजी कोण, तर ल्यूक. आठवडाभर ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी जपानी होतो. आणि फ्लॉयड, ज्याने एकोणीस वर्षांत घरातली एक चादर धड घडी घातली नाही, तो क्लासवरून आला की जमिनीवर गुडघे टेकून त्या काळ्या घागऱ्याची एकेक चुणी वीस वीस मिनिटं बसवत बसणार. जोसेफिन शेजारी उभी. 'माझे युनिफॉर्म पण घाल की घडी.' 'हो, घालतो ना,' म्हणायचा. घालायचासुद्धा. वाकड्या.

तर ह्या वर्षी पाच घराण्यांचं मिळून प्रात्यक्षिक होतं. ब्रिस्बेनहून लोक, सिडनीहून लोक. फ्लॉयड कधी काही मागत नाही, पण ह्या वेळी म्हणाला, 'येशील का बघायला?' एवढंच. जोसेफिनने शिफ्ट बदलून घेतली, आणि इथेच तिची चूक झाली, भावाला पण बोलावलं. मार्शलला. मार्शल सिडनीत हॅरिस पार्कला राहतो, आयटीत आहे, तोंडाने फटकळ. आल्या आल्या विचारतो, 'कलिंगड कापणार ना? डोळ्यांवर पट्टी बांधून?' नाही रे. 'मग काय कापणार?' काहीच नाही कापणार. 'मग तलवारी कशाला?'

आता ह्याला काय उत्तर द्यायचं, सांगा.

पहिलं घराणं झालं. दुसरं झालं. दुसऱ्यात एक म्हातारेबुवा एकटेच बसले होते, समोर कोणी नाही, बसल्या बसल्या तलवार उपसली, हवेत एक वार, ती झटकली, आणि परत म्यानात घातली... इतक्या हळू की जोसेफिनला वाटलं बुवांना मध्येच काही झालं, ती उठायला लागली, नर्सच ती. शेजारची म्हणाली, बस, बस, ते तसंच असतं. आणि माइकवाला प्रत्येक वेळी त्याच सुरात, 'पुढचं घराणं हे अत्यंत प्राचीन असून...' मार्शल मागून पुटपुटतोय, 'पुढचं घराणं हे अत्यंत स्लो असून.' लोक वळून बघतायत.

चौथं घराणं फ्लॉयडचं.

फ्लॉयड आला. समोर कोण, तर एमा. बावीस वर्षांची पोर, युनिव्हर्सिटीत शिकते, क्लासला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. जोसेफिन म्हणाली मनात, चला, हे बरं झालं. निदान आज तरी. कारण तुम्हाला सांगते, फ्लॉयडचं आयुष्य म्हणजे... सिडनीत चांगला इंजिनियर होता, हिला इथली नोकरी लागली म्हणून सोडून आला, आता एका गोदामाचा स्टॉक बघतो, आणि ज्याला त्याने काम शिकवलं तो मुलगा त्याचा मॅनेजर झालाय. तेव्हा निदान आज तरी. मार्शलने फोन वर धरला.

नमस्कार झाले. फ्लॉयड ओरडला, तुम्हाला खोटं वाटेल पण जोसेफिनने एकोणीस वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता, आख्खी जिम दणाणली. धावला, तलवार उचलली, वार केला... आणि ती पोर एक पाऊल बाजूला, तिची तलवार ह्याच्या मनगटावर. फ्लॉयड गेला. असू दे, पहिलाच आहे. दुसरा. मानेवर. फ्लॉयड गेला. तिसरा, काखेत. चौथा, पुन्हा मनगट. जोसेफिन मोजत होती, मोजायचं नव्हतं पण मोजत होती, नऊ. नऊच्या नऊ वेळा वार ह्याने केला आणि मेला हाच. प्रत्येक वेळी मेल्यावर सावकाश मागे जाणार, त्या पोरीला नमस्कार करणार, आणि परत मरायला पुढे येणार. ओठ मिटलेले, चेहरा शांत. लागत कोणालाच नाही, पण जोसेफिनचे कान गरम झाले होते.

मार्शल हसून हसून खुर्चीवरून घसरला. 'ज्यो, भाओजी नऊ वेळा मेले गं. एका पोरीकडून.' आणि व्हिडिओ गेलासुद्धा वसईच्या फॅमिली ग्रुपवर. लगेच उत्तरं. एका मावशीने विचारलं, फ्लॉयडची तब्येत बरी नाही का? एका आतेभावाने लिहिलं, घरी सवय आहे त्याला. त्याच्याखाली अकरा जणांचे हसरे चेहरे.

जोसेफिन बाहेर आली. तिथे वेंडी, ल्यूकची बायको, सँडविचेस लावत होती. म्हणाली, 'लव्ह, तुझ्या नवऱ्याने काय सुंदर केलं गं.' जोसेफिनला वाटलं, ही पण टोमणा मारतेय. म्हणाली, 'नऊ वेळा हरला.' वेंडीने हातातला चिमटा खाली ठेवला. 'अगं, हरणार तोच ना. तो सीनियर आहे. ह्यात सीनियरच मरतो. वार असा करायचा की खरा वाटला पाहिजे, आणि असा मरायचा की नवीन माणसाला जिंकायचं कसं ते कळलं पाहिजे. नवख्याच्या हातात ते काम देत नाहीत, डोकी फुटतील. ल्यूक तर तीस वर्षं मरतोय.' आणि वर, 'अंड्याचं घेतेस का चिकनचं?'

जोसेफिनने कुठलं घेतलं तिला आठवत नाही. आधी आत जाऊन मार्शलला म्हणाली, तो व्हिडिओ काढ. तो म्हणाला, आता काय उपयोग, सगळ्यांनी बघितला. तिने समजावलं, सीनियर कोण, जुनियर कोण. मार्शल म्हणाला, 'हो का. बरंय की, हरलं की सीनियर.' आणि चार वाजता बॅग उचलून, विमान गाठायला ब्रिस्बेनची बस पकडून गेला.

पण तिचं मन त्या सँडविचपाशीच अडकलं होतं. कारण घरी काय चालतं? घरी भांडण होतं, जोसेफिन बोलते, फ्लॉयड एखादं वाक्य बोलतो, जोसेफिन पुन्हा बोलते, फ्लॉयड म्हणतो, 'बरं.' संपलं. टूवूंबाला येण्याचं, 'बरं.' गाडी कुठली घ्यायची, 'बरं.' तिला वाटायचं आपण जिंकतो. मुद्दा आपला बरोबर असतो म्हणून जिंकतो. आणि आता कळतंय की जगात असेही लोक असतात जे समोरच्याला शिकायला मिळावं म्हणून मरतात. म्हणजे हा एकोणीस वर्षं स्वतःला सीनियर समजतोय?

आणि मग तिला ते आठवलं. खरं तर ती ते विसरलीच कधी होती. तीन वर्षांपूर्वी फ्लॉयडची आई वसईला आजारी होती. तो म्हणाला, क्रिसमसला जाऊन येतो. ही म्हणाली, आता नको, माझा रोस्टर लागलाय, ईस्टरला दोघं जाऊ, डॉक्टरांनी घाबरण्यासारखं काही सांगितलेलं नाही. नर्स म्हणून म्हणाली. तो एक वाक्य बोलला, 'आई विचारते सारखी.' ही पुन्हा बोलली. तो म्हणाला, 'बरं.' राखेचा बुधवार झाला, ईस्टरला अजून महिनाभर होता, आणि पुढच्या आठवड्यात आई गेली. ईस्टरला गेले ते कबरीवर फुलं ठेवायला. त्यावर फ्लॉयड आजपर्यंत एक अक्षर बोललेला नाही. लागत कोणालाच नाही... कोणी विचारलंय?

परतताना गाडी तीच चालवत होती. मागच्या सीटवर लाकडी तलवार, शेजारी मांडीवर हात ठेवून हा, दमलेला.

'फ्लॉयड.'

'हं.'

'तिकडे तू मुद्दाम हरतोस.'

'मुद्दाम म्हणजे... ते कामच असतं गं माझं.'

'आणि घरी?'

तो तिच्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, 'घरी कुठे. घरी खरंच हरतो.'

तुम्ही हसताय. तीही हसली असती. पण तिने विचारलंच, 'आईच्या वेळी?'

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न दिला. फ्लॉयड खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, 'तेव्हा मलाही वाटलं होतं, ईस्टरपर्यंत वेळ आहे.'

आता हे खरं? की इथेही त्याने तलवार बोटभर अलीकडे थांबवली? जोसेफिन मला म्हणाली, मी एवढे पेशंट बघते, कोणाला कुठे दुखतंय ते चेहऱ्यावरून सांगते, आणि शेजारी बसलेल्या माणसाचं मला कळेना. आणि पुन्हा विचारायची हिंमत होईना. समजा म्हणाला असता, हो, तेव्हा तुला जिंकू दिलं... मग?

म्हणून तिने विचारलं, जेवायला काय आणायचं, तू सांग. तो म्हणाला, 'तू सांग.' ती म्हणाली, 'नाही, आज तू.' बराच विचार करून तो म्हणाला, 'फिश अँड चिप्स?'

आता वसईची बाई, समुद्रापासून दीड तास डोंगरावरच्या गावात, दुकानात शिरताच वासावरून तिला कळलं, मासा ताजा नाही. जिभेच्या टोकावर आलं होतं. वीस सेकंदांत जिंकली असती. गप्प बसली, दोन प्लेट सांगितल्या. घरी आल्यावर फ्लॉयड पहिला घास घेऊन म्हणतो, 'चांगलाय ना?'

'चांगलाय,' ती म्हणाली, आणि संपवला.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, शिफ्टला जाता आलं नाही तिला. त्याला काहीच झालं नाही.