पेडल दाबायला माणूस

अरे, ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, हे मला बायको गेल्यावर जाणवलं. पेडल नेहमी तीच दाबायची.

परवा सीवूड्सला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारशी एकटाच झगडत होतो. पेडलवर काठी रोवून चाकाशी जायचो, तोवर काठी सटकायची. तासभर हेच चाललं होतं.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या म्हात्रेबाई भाजी घेऊन आल्या. दहा वर्षांत नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं.

"जरा आत बसता का? सांगेन तेव्हा पेडल दाबा."

बसल्या. अर्ध्या तासात ब्रेक कडक झाला.

"झालं! थँक्यू."

त्या उतरेचनात. म्हणाल्या, "एकदा परत बघा ना, राहिली असेल थोडी हवा. घरी तरी कोण वाट बघतंय?"

मी पाना उचलून पुन्हा चाकाशी बसलो.