जुन्या विंडोजले वळख करून देल्ली

मी धामणगाव बढ्याचा, देवराव माहं नाव. घरी भाजीपाला, वांगे, मिरच्या, मेथी. लहानपनी गोवर निघाला आन डोये गेले माह्ये, पन मायनं मले कधी घरात बसवून ठेवलं नाई, सारं वावर हात धरून फिरवलं, मंग आंधळ्या पोरायच्या शायेत टाकलं, तिथं ठिपक्याची ब्रेल लिपी शिकलो. आता चिखलीले एका लहान संस्थेत त्याच लिपीतले पुस्तकं छापतो. म्हंजे असं पाहा, कोनी धडा वाचून दाखवते, मी कॉम्प्युटरवर टाइप करतो, त्यातला प्रोग्राम मराठीचे ठिपके करते आन मशीन जाड कागदावर ते ठिपके उठवते. लय आवाज करते ती, पन मले तो आवाज गोड लागते.

आता त्या प्रोग्रामाचं काय सांगू तुमाले. एका भल्या इंजिनियरानं तो करून देल्ला होता, जुन्या एक्सपी विंडोजवर चालनारा. ते गृहस्थ वारले, प्रोग्रामची सीडी कुठी गेली कोनाले मालूम नाई. जे होतं ते त्या एका डिस्कमंधी. आन मागच्या दिवाळीनंतर लाइटीचा झटका आला, कॉम्प्युटरचा बोर्ड जयाला. दहावीच्या पोरायचे पुस्तकं अर्धे छापून राह्यले होते. आमचे सचिव म्हने, देवराव, नवा कॉम्प्युटर घेऊ. म्या म्हनलं घ्या ना साहेब, पन त्याच्यावर हा प्रोग्राम चालत नाई, पोरायले परीक्षेआधी काय देऊ.

मंग वैशालीताईले बलावलं. एसटी स्टँडापाशी दुकान आहे तिचं, कॉलेजात कॉम्प्युटरच शिकलेली, लेकराले शायेत सोडून दुकान उघडते. तिनं हिंडून हिंडून एक बोर्ड आनला, आमच्या छापायच्या मशीनची जुनी रुंद पिन लागते असा, आन त्याले आमची डिस्क जोडली. पंखा सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. म्या इचारलं काय झालं ताई, तं म्हने काका, निळा पडदा येते आन पुन्हा पयल्यापासून सुरू होते. मंग तिनं मले नीट समजावलं. डिस्क चांगली आहे, विंडोज बी चांगली आहे, पन या बोर्डावरची डिस्क चालवनारी चिप नवी आहे, विंडोज तिच्या आधीची, तिले ती चिप वळखूच येत नाई, म्हनून डिस्क समोर असून सापडत नाई. वळख करून देनारा लहानसा प्रोग्राम असते, ड्रायव्हर म्हनतात त्याले, तो विंडोजमंधी घालावं लागीन.

एक गोष्ट सांगतो, ती बाई पडद्यावर जे जे येईन ते मले वाचून दाखवे. कोनी सांगतलं नव्हतं तिले. आन पयले काय केलं, तं डिस्कची नक्कल. म्या म्हनलं काऊन, येळ जाते ना. म्हने काका, बिघडलं तं नकलेवर बिघडू द्या, तुमचं मूळ शाबूत राह्यलं पाह्यजे. माह्या मनातली भीतीच गेली तवा.

मंग तिनं विंडोजची नवी सीडी बनवली, ड्रायव्हर आत घालूनच. लावली, तं म्हने डिस्क सापडत नाई. म्या म्हनलं, आता काय? ती म्हने थांबा, कंपनी बरोबर आहे, पन चिप दुसरी निघाली, त्यायच्यात लय प्रकार असतात. चिडली नाई, बोर्डाले नावं ठेवली नाई. चिपचा नंबर काढला, त्याच नंबरचा ड्रायव्हर धुंडला, पुन्हा सीडी बनवली. आता सापडली, म्हने. आता हा कॉम्प्युटर इचारून राह्यला, नवी विंडोज टाकू का जुनी दुरुस्त करू. नवी म्हनलं तं तुमचा प्रोग्राम जाईन, दुरुस्त म्हनतो आपन, बरोबर ना काका. म्या म्हनलं हाव. तिनं बटन दाबलं.

पडद्यावर जे येईन ते ती वाचत गेली. मंग विंडोज सुरू व्हायचा तो सूर आला. ताई म्हने तुमीच टाइप करा. म्या पयलं वाक्य टाकलं, मशीन धडधडली, कागद हातात घेतला, बोट फिरवलं, जोडाक्षरं सुद्धा जिथल्या तिथं. म्या तिले वाचून दाखवलं तं दोघं बी हसलो.

पुस्तकं परीक्षेआधी गेले. वडनेरची एक पोरगी त्याच पुस्तकावर पास झाली, पेढे घेऊन पयले ताईच्या दुकानात गेली, मंग माह्याकडं आली, आन तेच बरोबर होतं.

ताईनं मले साफ सांगतलं आहे, काका, हा बोर्ड बी एक दिवस जाईन, तवा नव्या प्रोग्रामाचं बी पाहू. ते पाहूनच राह्यली आता. मी आपला रोज छापतो, जेवढं निघन तेवढं. देव तिले आन तिच्या लेकराले सुखात ठेवो. बसा तुमी, हे भूगोलाचे पानं जुळवून बांधतो, पुस्तकं न्यायले शायेची जीप येऊन राह्यली.