कुक्कुटपालनाचा कप्पा

...आणि वर मलाच म्हणतात, "मॅडम सुहैर, आभार मानलेत ना!" अहो, आभार मानलेत! पुस्तकाच्या शेवटच्या पानावर! आईचे झाले, बायकोचे झाले, टंकलेखकाचे झाले, त्या टंकलेखकाच्या बाळंतीण बहिणीचेसुद्धा झाले, आणि मग अगदी तळाशी, "ग्रंथालयातील सेवकवर्गाचेही आभार." सेवकवर्ग! तो सेवकवर्ग म्हणजे मी बरं का. ही अशी तुमच्यासमोर उभी आहे ती.

तुम्हाला सांगते, सव्वीस वर्षं झाली मला या विद्यापीठाच्या ग्रंथालयात. आमच्या या नदीमुखाकडचा, डेल्टातला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहेच, आणि आमच्या परीक्षा नेमक्या त्याच उन्हाळ्यात. कायद्याची पोरं बाराशे आणि करार-कायद्याच्या जाड पुस्तकाच्या प्रती किती? चार! घरी न्यायची परवानगी नाही. मग काय करतात कार्टी? लपवतात! आज पुस्तक हाती लागलं की संध्याकाळी जाताना ते भलत्याच कपाटात कोंबायचं, म्हणजे उद्या आलं की आपल्यालाच मिळेल. आणि बाकीचे माझ्या टेबलाशी. "मॅडम, पुस्तक कुठंय?" "मॅडम, तुम्ही काय झोपा काढता का?" एकदा एक पोरगी, तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेली, माझ्या टेबलावर डोकं टेकून असं हमसून हमसून रडली की मी तिथल्या तिथे ठरवलं, आता बास! ही पुस्तकं जातात कुठं ते मी शोधणारच.

मग मी एक वही सुरू केली. पुस्तक असायला हवं कुठं, सापडलं कुठं, कितव्या फळीवर, कुठल्या खुर्चीपासून किती पावलांवर, सगळं त्यात. नऊ वर्षं, बरं का! दोन हजार तीनशे सोळा पुस्तकं! वाचनकक्षात एकशे चाळीस खुर्च्या आहेत, त्या प्रत्येकीवर मी स्वतः बसून बघितलंय. आमचे बिशायकाका, म्हणजे पुस्तकं जागेवर लावणारे आमचे जुने सेवक, पट्टी धरून माझ्यामागून फिरायचे. सगळे हसायचे. "मॅडम सुहैर खुर्च्या विकत घेताहेत वाटतं!" हसा म्हटलं, हसा.

आणि निघालं काय? कायद्याची पुस्तकं कुक्कुटपालनात! वैद्यकाची जुन्या कवितांत! कारण तिकडे कुणी फिरकतच नाही ना. पण खरी गंमत पुढेच आहे. लपवणारा कधी लांब जात नाही. पुस्तक तो अशा ठिकाणी ठेवतो की त्याच्या रोजच्या खुर्चीतून ते त्याला दिसलं पाहिजे! त्याला माझी भीती नसते हो, त्याला भीती असते आपल्यासारख्याच दुसऱ्या लबाडाची. सारखी मान वर, आहे ना, आहे ना... म्हणून मी काकांना सांगून ठेवलं होतं, "लपवणारा कोण ते शोधत बसू नका. खुर्ची शोधा. खुर्चीत बसा आणि बघा." दहा मिनिटांत पुस्तक हातात!

बरं, हे मी का करत होते? फक्त पुण्य मिळावं म्हणून? नाही, खोटं कशाला बोलू! वाचनकक्षाच्या प्रमुखाची जागा रिकामी होणार होती, आणि नवा नियम आला होता की ती हवी तर स्वतःच्या नावावर एक तरी संशोधन पाहिजे. मला ती खुर्ची हवी होती. सव्वीस वर्षांत एवढी एकच गोष्ट मागितली हो मी!

आणि इथे आले डॉक्टर वग्दी. आमच्याकडे प्राध्यापक म्हटला की डॉक्टर, सर्दीचं औषध मात्र विचारू नका. ग्रंथालयावर देखरेख त्यांची. माझ्या टेबलाशी बसून माझाच पुदिन्याचा चहा पीत वही चाळली त्यांनी आणि डोळ्यांत पाणी! खरंच पाणी! "मॅडम सुहैर, हे मोती आहेत, मोती! फक्त ओवायला कुणीतरी हवं. माझ्याकडे द्या, मी जरा भाषा बघतो."

मी दिली.

हसू नका! तुम्हीही दिली असती. डोळ्यांत पाणी होतं म्हणतेय ना मी!

चौदा महिने! विचारलं की "इन्शाअल्ला, मॅडम, ओवतोय." आणि मग एक दिवस पुस्तकच आलं. वर नाव डॉक्टर वग्दी, मागे फोटो डॉक्टर वग्दी, हनुवटीखाली हात धरून विचार करताहेत. कसला विचार? खुर्च्या तर मी मोजल्या!

गेले मी निवड समितीपुढे. वही टेबलावर ठेवली. मधले चष्मेवाले म्हणतात, "मॅडम, वही म्हणजे काही संशोधन नव्हे." म्हटलं, अहो, पण त्या पुस्तकात जे आहे ते सगळं या वहीतलंच आहे! तर म्हणतात, "हां! म्हणजे या विषयावर डॉक्टर वग्दींचं काम आधीच झालेलं आहे. तुम्ही दुसरा विषय घ्या. आणि त्यांनी आभार मानलेत ना!"

घरी आले. नवरा मुलुखियाच्या भाजीत रोटी बुडवत होता. म्हणाला, "आभार मानलेत ना? मग! पाणीपुरवठ्यात तीस वर्षं काढली मी, माझे तर नळानंसुद्धा मानले नाहीत."

बरं, इथेच संपावं ना? नाही! ते पुस्तक ग्रंथालयात आलं आणि त्याची नोंद करायची कुणी? मी! आमच्या धंद्याचा नियम असा, की मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जे नाव छापलंय तेच नोंदीत लिहायचं. तुम्हाला काय वाटतं, काय माहीत आहे, याला किंमत शून्य. नव्या पोरींना मीच शिकवते, "छापलंय ते लिहा, डोकं चालवू नका." लिहिलं. लेखक, डॉक्टर वग्दी. स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात.

पण मग जागेवर लावायला उठले आणि... कसं सांगू? पाय वळलेच नाहीत तिकडे. सव्वीस वर्षांत मी एक पुस्तक चुकीच्या जागी ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ठेवलं. कुक्कुटपालनात! 'अंडी उबवण्याच्या पद्धती'च्या मागे. तीन आठवडे रोज मान वर करून बघत होते आणि, देवा क्षमा कर, चहा गोड लागत होता.

आणि मग आले ना डॉक्टर वग्दी, पाहुणे घेऊन! दुसऱ्या विद्यापीठातले सहा जण, कोट-टाय घालून, घाम पुसत. "मॅडम सुहैर, आमचं पुस्तक दाखवा यांना." सगळे कपाटाशी गेले तर जागा रिकामी. मी म्हटलं, "कुणीतरी वाचत असेल." तर काय खूश झाले हो! पाहुण्यांना म्हणतात, "बघा, जागेवर राहतच नाही!"

इतक्यात बिशायकाका आले. बिचाऱ्यांना वाटलं, मॅडमची लाज जायला नको. त्यांनी पाहिलं इकडे, पाहिलं तिकडे, आणि शांतपणे येऊन बसले... माझ्या खुर्चीत. मान वर केली. उठले. सरळ कुक्कुटपालन! अंड्यांच्या मागे हात घातला आणि पुस्तक बाहेर!

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! डॉक्टर वग्दी छाती काढून म्हणतात, "पाहिलंत? ही माझी पद्धत!" आणि काकांचा हात हातात घेऊन, "शाबास बिशाय! मनापासून आभार, बिशाय!" नावानिशी! ऐकलंत? नावानिशी!

सगळे गेल्यावर मी विचारलं, "काका, एकशे चाळीस खुर्च्या सोडून माझीच कशी हो?" खाली बघत म्हणाले, "मॅडम, ते पुस्तक लपवण्याइतकं दुःख दुसऱ्या कुणाला होतं?" आणि मग हळूच, "पण पद्धत तुमची खरी निघाली हो. तीन मिनिटं!"

तीन मिनिटं. मी वहीत दहा लिहिली होती.

आता समितीनं सांगितल्याप्रमाणे मी दुसरा विषय घेतलाय. पुस्तकांची शेवटची पानं. आभार कुणाकुणाचे मानतात आणि ते मानल्यावर त्या माणसांचं पुढे काय होतं! चारशे पुस्तकं झाली, सेवकवर्ग एकशे नव्वद ठिकाणी सापडला. डॉक्टर वग्दी कालच विचारत होते, "मॅडम, नवीन काय चाललंय? जरा भाषा बघू का?" म्हटलं, काही नाही, डॉक्टर, जळमटं झाडतेय.

वही यावेळी लपवून ठेवलीय. कुठे ते मेले तरी सांगणार नाही. तुम्ही फक्त एवढं करा...

माझ्या खुर्चीत बसू नका.