सरळ उतारानं जा

आता सांगायला हरकत नाय, पण मी लय माणसं फसवलीत. नाशिकचे सायकलवाले यायचे. विचारायचे, "बाबा, धरणाला वळसा घालायला कोणता रस्ता?" मी म्हणायचो, "हाच की! सरळ उतारानं जा." तो जुना रस्ता खाली धरणाच्या पाण्यातच शिरतो. मग घामाघूम होऊन, सायकल ढकलत, शिव्या देत वर यायचे अन् मी खो खो हसायचो.

एकदा एक जण वर आलाच नाय. पळत खाली गेलो, तर काठावर नुसती सायकल पडलेली. "अरे पोरा!" म्हणून ओरडलो.

तो गुडघाभर पाण्यात उभा. म्हणला, "बाबा, पाण्याखाली डांबर दिसतंय. हा रस्ता जायचा कुठं?"

म्हणलं, "आमच्या घरी."