दुसरी सही

नाही भाऊजी, अहवालावर सही करू नका अजून — आधी बसा, त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते, इकडे बसा. तिची पिशवी काढून ठेवलीय मी, स्वेटर आहे, चपला आहेत, डबा आहे. डबा घासलाय. महिना झाला तिला जाऊन, हात लावायचा धीरच होत नव्हता. काय लिहिलंय म्हणालात? 'स्वभावाने उतावीळ, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे क्षयाची लागण.' उतावीळ — ते माझ्यामुळे आलं हो. आम्ही तिला घाईबाई म्हणायचो, तुम्हीही म्हणत असाल घरी. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, कशी होती, तर माझ्या तोंडून निघून गेलं, घाईबाई होती बिचारी. मी रडत होते, ते लिहीत होते. आणि घाई नाही करणार तर काय करणार? लॅबमध्ये काम पाच जणांचं, माणसं दोनच, ती आणि मी. तीन जागा दोन वर्षं रिकाम्या. ती आत थुंकीचे नमुने तपासणार, मी इथे रक्त घेणार.

खरं तर त्या आतल्या खोलीत एकट्यानं कामच करायचं नाही. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं काचेबाहेर उभं राहून बघायचं — हो, नुसतं बघायचं, तेच काम. वहीत दोघांच्या सह्या. अहवालात आहे ना, 'नियमानुसार दुसरी व्यक्ती हजर होती'? ती मी. रोज सकाळी आल्या आल्या सही ठोकून मोकळी व्हायचे, मग दिवसभर इकडे सुया टोचत बसायचे. सगळ्यांना माहीत होतं, वरच्यांनाही. ती तर म्हणायची, "ताई, लागली का काचेबाहेरच्या भुताची हजेरी?" हसायचो आम्ही.

त्या दिवशी नमुने गरगर फिरवायच्या यंत्रात नळी फुटली. अशा वेळी झाकण उघडायचं नाही, जंतू हवेत उडतात, सरळ बाहेर यायचं, दार लावून घ्यायचं. तिला माहीत नव्हतं का? माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण आत तेवीस जणांचे नमुने होते, सगळ्यांना परत बोलवावं लागलं असतं, लांबून लांबून येतात लोक. तिनं काचेवर टकटक केली, विचारायला. मला ऐकू आलं, भाऊजी. हे मी साहेबांना सांगितलं नाही. एका म्हाताऱ्याची शीर सापडत नव्हती मला, मी मागे न बघताच हात केला — थांब म्हणून. थांबली असेल ती. पण किती थांबेल? मी विसरूनच गेले. वळून बघितलं तेव्हा झाकण उघडं होतं आणि ती पुसत होती.

पाच महिन्यांनी खोकला. तिचा नमुना मीच तपासला, दुसरं होतं कोण? रिपोर्ट हातात दिला तर वाचून मलाच म्हणाली, ताई, तुम्ही जेवलात का. कुठलंच औषध लागू पडलं नाही. मला ती परत हवीय हो, बाकी काही नको. निष्काळजी नव्हती ती. एकटी होती. तिथे कोणी नव्हतंच.

काय? आत्ता? ... कागद आहे, पेनही आहे. माझ्या हातानं लिहायचं, की वहीतली सही खोटी आहे — भाऊजी, नोकरी तर जाईलच, वर पोलिसात जाईल हो हे. माझ्या दोन पोरी आहेत. हो, तुमचीही आहे, माहीत आहे मला, मोठी झाली की वाचेल ती, आई स्वतःच्या चुकीनं गेली म्हणून. माहीत आहे सगळं. असं बघू नका माझ्याकडे ... कोणी विचारलं तर मी काही बोलले नाही तुमच्याशी. पिशवी घ्या. या आता, खोळंबलेत लोक —

पुढे कोण आहे? या, बसा. बाही वर करा.