यादीतलं पहिलं नाव

मला सांगा, कॉम्प्युटरवाल्याने भांडणं किती सोडवायची? आमच्या मच्छीमार सोसायटीत जुना, काळ्या पडद्याचा कॉम्प्युटर होता. सुरू केला की लॉगिनच्या नावांची यादी यायची. चिन्ह असलेलं नाव यादीत वर चढतं, हे कळल्यावर चेअरमन धर्मा नाखवांनी आपल्या नावाआधी चांदणी लावून घेतली. नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ त्यांचा, तर यादीतही पहिले तेच. मग माजी चेअरमननी उद्गारचिन्ह लावलं आणि ते चांदणीच्याही वर गेले.

नवीन कॉम्प्युटर आला, त्याला नावात चिन्हं चालेनात. दोघांचंही लॉगिन बंद. त्या लॉगिनशिवाय डिझेलचे परवाने निघेनात, होड्या बंदरात उभ्या.

मी म्हटलं, "नाखवा, चिन्ह काढतो."

"आधी त्याचा काढ."

माजी म्हणाले, "आधी त्याचा."

चौथ्या दिवशी कंटाळून मी दोघांचीही काढली. यादी अक्षरांच्या क्रमाने लागली, तर सगळ्यात वर आमचा शिपाई अनंता.

दोघांनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. शेवटी नाखवा म्हणाले, "चालंल. अनंता आपलाच हाय."

आता दोघंही अनंताच्याच नावाने लॉगिन करतात. पासवर्ड तेवढा अनंताला कुणी सांगितलेला नाही.