सहावा खांदा

हॅलो?… हो, हो बाई, कळलं, तुरुंगातून फोन आहे… रेकॉर्ड होतोय, तेही कळलं… पाच दाबू? दाबते… दाबला की.

हॅलो, लेनी?… हां, मीच. रोझ. तुझी बहीण, आणखी कोण असणार… येतंय ऐकू, बोल. ओरडू नकोस, इथं काही गोंगाट नाही… म्हणजे आहे, पण मी जरा कोपऱ्यात आलेय.

हो, झालं सगळं. सकाळीच झालं. बाबांच्या शेजारीच ठेवलं आईला… नाही, पाऊस नव्हता. वारा मात्र असा की फादरांना पुस्तकाची पानं धरवेनात. दोन ओळी गाळल्या त्यांनी. आईनं पकडलं असतं लगेच.

अरे, ठाऊक आहे मला. वॉर्डननं सोडलं नाही, त्याला तू काय करणार… नको, आता त्या वॉर्डनचं पुराण नको. पंधरा मिनिटं आहेत आपल्याकडे. एक मिनिट उरलं की टूं वाजणार आणि मग फोन तुटणार. मागच्या वेळी सगळा वेळ तू अपिलावर घालवलास… फेटाळलं ना ते? मग झालं तर. आज नको.

मी? फायर हॉलमध्ये, बंबवाल्यांच्या. जेवण इथंच ठेवलं ना, तूच सांगितलंस… हो, दोनशे जणांचं. तू दोनशे म्हणालास, मी दोनशे सांगितलं. हॅम आहे, बटाट्याचं सॅलड आहे, आणि हालुपकी. आईच्या पद्धतीनंच, कोबीच्या पानात खिमा-भात गच्च भरून… उरलंय थोडं. म्हणजे पुरलं रे सगळ्यांना.

कोण कोण?… बरेच. आता मी काय दारात उभी राहून… हां, काल अंत्यदर्शनालाही आले. रांग होती… दारापर्यंत… बाहेर? हो, थोडी बाहेरही.

कोवाल्चिकबाई? आल्या होत्या, हो… तिघंही मुलगे?… दोघं. तिसऱ्याची ड्यूटी होती… माहीत आहे रे, त्यांच्या नवऱ्याच्या वेळी तू राजधानीतून, हॅरिसबर्गहून गाडी हाणत आलास, सेनेटमधलं मतदान अर्धवट सोडून. मला काय सांगतोस. शाळा समितीवर होतास तेव्हापासून या जिल्ह्यात कुणी मेलं आणि तू गेला नाहीस, असं कधी झालं नाही. विधवेचा हात दोन्ही हातांत धरायचास, गेलेल्याच्या कुत्र्याचीसुद्धा नावानिशी चौकशी करायचास. आई म्हणायची, बाकीचे मतं मागायला जातात, आमचा लेनी मयताला जातो… हसू नकोस, कौतुकानंच म्हणायची. बहुतेक.

डोलन मास्तर?… आले होते. काय बोलणार, वाईट वाटलं म्हणाले… शाळेचं? नाही काढलं कुणी. मयताला कोण काढतं असलं… गळतंय, हो. अजून गळतंय छप्पर. मुलं पत्र्याच्या खोल्यांतच बसतात. तू विचारलंस म्हणून सांगते. पण आज कुणी अवाक्षर काढलं नाही, हे अगदी खरं.

काय?… नको. नको रे… अरे ऐक ना, लोक जेवतायत… स्पीकर? माझ्या या फोनला कुठला… आहे, आहे स्पीकर, पण… हो, तुझी आई होती. माझीही होती… बरं. बरं बाबा. दोन शब्द म्हणजे दोनच हं. तुझे दोन शब्द मला माहीत आहेत. पुलाच्या उद्घाटनाला बँडवाल्या दोन पोरींना उन्हानं चक्कर आली, तरी तुझं संपलं नव्हतं.

थांब, टेबलावर ठेवते… हां. अहो, जरा शांत व्हा सगळे, लेनीचा फोन आहे… झाले शांत. बोल.

…

हो, ऐकतायत.

…

पोचतोय रे, शेवटच्या टेबलापर्यंत पोचतोय. बोल तू.

…

गप्प आहेत, कारण डोळे पुसतायत… टाळ्या? लेनी, मयताच्या जेवणाला टाळ्या कोण वाजवतं?

काय म्हणालास?

घुमतोय? कुठं घुमतोय… हॉलच तसला आहे मेला, वर नुसता पत्रा…

हं.

हो. तुझी पहिली सभा याच हॉलमध्ये झाली होती. सात माणसं होती. त्या सातांत मी होते, आई होती… हो, तेव्हाही असाच घुमला होता तुझा आवाज.

थांब, स्पीकर बंद करते.

कुणी नाही आलं, लेनी. काल नाही, आज नाही. मी, माझा नवरा जो आणि आमची दोन पोरं. बस… कोवाल्चिकबाईंची गाडी गेली चर्चसमोरून. काच वर होती… खोटं बोलले, मग काय करू? तू तिथं भिंतीला चिकटून उभा, मागं फोनसाठी ताटकळलेली माणसं, आणि मी तुला सांगू की चौऱ्याऐंशी वर्षं ज्या गावात काढली, अर्ध्या गावाला जेवू घातलं, त्या गावानं आईकडे पाठ फिरवली म्हणून?… तुझ्यामुळं? हो. तुझ्यामुळंच. घे, म्हटलं एकदाचं.

रडू नकोस. तिथं रडू नको रे, बघत असतील…

हॅलो? आहेस ना?

काय?… खुर्च्यांचा आवाज आहे तो. खुर्च्या आवरणं चाललंय… अरे, कुणी नाही म्हणजे पाहुणे नाहीत. आवरायला कुणीतरी लागणारच ना. असतं एखादं माणूस.

पेटी?… उचलली ना. उचलल्याशिवाय खड्ड्यापर्यंत कशी जाईल… सहा जण लागतात, मलाही कळतं. जो होता, पाठ धरलेली असताना. माझे दोघं मुलगे. फ्युनरल होमची दोन माणसं… हो, पाच झाले. मोजतोस काय असा, मतमोजणी आहे का ही?

होता एक सहावा.

होता म्हटलं ना… गावातलाच.

वॉल्ट.

तोच. वॉल्ट हुडॅक. आपल्याला दुसरा कोणता वॉल्ट आहे?

ओरड. ओरडून घे, मी धरलाय फोन…

झालं?… माहीत आहे मला. शर्टाच्या आत रेकॉर्डर लावून तुझ्या स्वयंपाकघरात बसला होता, आईनं पाठवलेला केक खात. कोर्टात वाजवलं तेव्हा मी आईच्या शेजारीच होते. केक काय झालाय म्हणतो, आणि तोंडातला घास गिळून तुला विचारतो, शाळेच्या छपराच्या कामात तुझे किती. आणि तू आकडा सांगतोस. लेनी, आकडा त्यानं नाही सांगितला, तू सांगितलास. वॉशिंग्टनला निघाला होतास. प्रचाराच्या पाट्या छापून झाल्या होत्या, आमच्या गॅरेजमध्ये अजून पडल्यात…

नाही, त्याची बाजू नाही घेत मी. छप्पर त्यानंच तसलं घातलं, पैसे त्यानंच दिले, आणि साक्ष देऊन तो सुटला. मला काय तो गोड लागतो? पण आता धंदा गेलाय त्याचा, बायको गेलीय, दुकानात कुणी नमस्कारसुद्धा घेत नाही… मी कशाला बोलावू? आपणहून आला. मागच्या बाकावर कोट घालून बसला होता, एकटा. पेटीपाशी पाच जण उभे. फ्युनरल होमवाला माझ्याकडे बघतोय, मी फादरांकडे. काय करायचं होतं, पेटी तशीच ठेवायची? तो उठला. काही विचारलं नाही, काही बोलला नाही. येऊन मागची कडी धरली.

आईला?… आईला काय वाटलं असतं ते मला नको विचारू… बरं, ऐकायचंय? तिच्या चाकाच्या खुर्चीसाठी वॉल्टनं बांधलेला दारापुढचा तो उतार… हो, आरोपपत्रातलाच, लाच म्हणून ज्याचा फोटो लावला होता कोर्टात. त्याच्यावरचा बर्फ दोन हिवाळे कोण काढत होतं? तुला वाटलं जो? जोला वाकता तरी येतं का… रोज पहाटे यायचा आणि काढून जायचा.

माहीत होतं तिला. खिडकीतून बघायची… नाही, दार नाही उघडलं कधी. तोंडही नाही दाखवलं. पण आदल्या रात्री मला सांगून कॉफीचा थर्मास बाहेर ठेवायला लावायची. सकाळी तो विसळून उपडा ठेवलेला असायचा. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

…

लेनी?

…

हो, वॉल्ट इथंच आहे. खुर्च्या तोच आवरतोय… कशाला?… शिव्या द्यायच्या असतील तर नाही देणार मी फोन. आज नाही… मग काय बोलणार आहेस त्याच्याशी?… नक्की?… शपथ घेऊ नकोस, तुझ्या शपथा ऐकल्यात मी कोर्टात. नुसतं हो म्हण.

बरं. थांब, देते. टूं वाजलेलं नाही अजून, वेळ आहे. घाई करू नकोस. आणि लेनी… चांगलं बोल.

वॉल्ट. ए वॉल्ट, राहू दे ती खुर्ची. इकडे ये… लेनी आहे फोनवर. तुझ्याशी बोलायचंय म्हणतो… हो, तुझ्याशीच… मला काय माहीत काय ते. हात पुसत बसू नकोस, वेळ मोजका असतो त्याला. धर.

हॅलो म्हण… अरे म्हण ना.

मोठ्यानं म्हण.

काय झालं?… काहीच नाही? आण इकडे… हॅलो? लेनी?… लेनी, आहेस का?

…

नाही, नाही वॉल्ट, तुझा हात नाही लागला कुठं. वेळ संपला त्याचा… हो. पंधरा मिनिटं झाली की मध्येच तोडतात ते लोक, सांगत नाहीत, वाजत नाही, काही नाही… अरे, बोलणार होता तो. म्हणाला ना मला, वॉल्टला दे म्हणून. आजच्या दिवशी मी खोटं कशाला बोलू?

तू कोट काढ तो. बस इथं. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तू… घे, ताट घे. संकोच कसला, वॉल्ट? दोनशे जणांचं आहे.